आजीची कोलामी जपायची आहे, तर ॲपच्या आधी काय करावं?

प्रश्न विचारणारा तरुण यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम या आदिवासी समाजाच्या एका पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा. आता पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. गावी आजी आहे, वय पंचाहत्तरच्या पुढं. आईवडील एकमेकांशी कोलामीत बोलतात, पण मुलांशी मराठीत. याला स्वतःला भाषा कळते, बोलता मात्र येत नाही. तो लिहितो: ‘मला कोलामीचं ॲप करायचं आहे. शब्दकोश, आवाज, जमलं तर एआयवर चालणारं भाषांतर. मोबाइल, लॅपटॉप आहे, सुट्टीचा वेळ आहे. सुरुवात कुठून करू? आजी अजून किती दिवस आहे, कोण जाणे.’

मी तेवीस वर्षं मेळघाटात आणि बाकीच्या विदर्भात आदिवासी भाषांच्या ध्वनिमुद्रणाचं काम करते. आधी कोरकू, नंतर कोलामी. जे लिहिते आहे ते त्या कामातून आलेलं आहे.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ॲप दोन वर्षांनी केलं तरी चालेल, तोवर ते करणं आजच्यापेक्षा सोपंच झालेलं असेल. आजीला विचारायचं राहून गेलं, तर ते नंतर कुणालाच भरून काढता येणार नाही. म्हणून पहिल्या वर्षात ॲपचा एकही पडदा आखू नका. तो सगळा वेळ आजीजवळ बसण्यात घाला.

बसायचं म्हणजे नुसता मोबाइल समोर ठेवून बसायचं नाही, हे मी एका चुकीतून शिकले. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. मेळघाटात एका म्हाताऱ्या कोरकू बाईंची गाणी मी रेकॉर्ड केली, जवळजवळ चाळीस मिनिटं. आवाज स्वच्छ आला होता, तारीख-गाव सगळं लिहिलेलं होतं. अर्थ पुढच्या खेपेला विचारू म्हणून मी परत आले. पुढच्या खेपेला बाई नव्हत्या. त्यांच्या लेकीला अर्धी गाणी कळली. उरलेल्या गाण्यांतले शब्द जुने होते, काही फक्त त्या विधीपुरतेच होते, आणि आसपासच्या तीन गावांत ते सांगणारं कुणी मिळालं नाही. ती फाइल आजही माझ्याकडे आहे. ऐकताना गाणं ऐकू येतं, भाषा कळत नाही. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते: ज्या रेकॉर्डिंगचा अर्थ सांगून झालेला नाही, ते जपलं गेलं असं धरायचंच नाही.

आता तुमच्या भाषेच्या परिस्थितीबद्दल. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार लोक होते, महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र मिळून. स्वतःला कोलाम म्हणवणाऱ्यांची संख्या त्याहून बरीच मोठी आहे. मधली तफावत म्हणजे तुमच्यासारखी घरं. केंद्र सरकारने २०१३ मध्ये संकटग्रस्त भाषांच्या जतनाची योजना सुरू केली, म्हैसूरची भारतीय भाषा संस्था ती चालवते. तिचा निकष आहे दहा हजारांपेक्षा कमी भाषक. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या आसपास बोलली जाणारी निहाली त्यात बसते, कारण तिचे बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत, आणि ती जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी जुळत नाही. तिच्याकडे लक्ष गेलं ते योग्यच झालं. पण कोलामी लाखाच्या वर असल्यामुळे त्या यादीबाहेर राहते, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांच्या मानाने ती इतकी लहान आहे की पाठ्यपुस्तकं, बातम्या, कीबोर्ड यांतलं फारच थोडं तिच्या वाट्याला येतं. भाषेची प्रकृती आकड्यावरून कळत नाही. पोडावरची पाच वर्षांची पोरं भांडताना कुठली भाषा वापरतात, त्यावरून कळते. मारेगावकडच्या एका पोडावर एक आजोबा मला म्हणाले होते, ‘बाई, हे लिहून काय होईन? पोरं तं मराठीतच भांडतेत.’ त्यांनी एका वाक्यात निदान केलं होतं.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्हालाच पाहाव्या लागतील. आजीला बोलायची हौस आहे की संकोच? आईवडील सोबत बसतील का? तुमच्या पोडावर लहान मुलं अजून कोलामी बोलतात का, की तिथंही मराठी आली? मुलं बोलत असतील तर तुमचा भर त्यांना ऐकायला-वाचायला काही देण्यावर हवा. बोलत नसतील तर आधी नोंद, मग बाकीचं. मी खाली धरून चालते की आजी तयार आहे, आणि आई किंवा वडील महिन्यातले दोन दिवस देऊ शकतात.

यंत्राचा भाग पटकन सांगते, कारण तो सोपा आहे. मोबाइल चालेल. मात्र व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करू नका. ती आवाज दाबून लहान करते, आणि दाबताना गेलेला आवाज परत येत नाही. वेव्ह फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करणारं एखादं साधं फुकट ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. एका माइकवर तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात साठ तासांच्या आसपास बसतात. कॉलरला लावायचा वायरचा माइक घ्या, तोंडापासून वीतभर खाली. फरक मोबाइल बदलून पडत नाही एवढा त्या माइकने पडतो. पंखा बंद करा. टिनाच्या छपराखाली पावसाळ्यात बसू नका. पहाटे कोंबडे, संध्याकाळी भजनाचा लाउडस्पीकर, तेव्हा दुपार बरी. आणि हंगाम पाहा. कापसाच्या वेचणीत कुणाला तुमच्याजवळ बसायला वेळ नसतो, मोहफुलं पडू लागली की पुन्हा नसतो. मला फेब्रुवारी सगळ्यात चांगला वाटतो.

काय रेकॉर्ड करावं, यावर मात्र मी जास्त बोलणार आहे.

ग्रिअर्सन या भाषाअभ्यासक ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली भारतीय भाषांचं जे मोठं सर्वेक्षण झालं, त्याच्या जोडीला १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर देशभरातल्या बोली नोंदवल्या गेल्या. त्या आता शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचे आवाज कानावर पडतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण तुलना करता यावी म्हणून बहुतेक ठिकाणी बायबलमधली एकच गोष्ट सांगायला लावली होती, उधळ्या मुलाची. वाटणी मागून घर सोडून गेलेला मुलगा, डुकरं राखायची वेळ, परत आल्यावर मेजवानी. व्याकरणाची तुलना करायला ते ठीक होतं. त्या माणसांच्या घरात रात्री कुठली गोष्ट सांगत होते, शेतात एकमेकांना काय म्हणून हाक मारत होते, ते त्या तबकड्यांवर फारच थोडं आहे.

शब्दयाद्यांचंही तसंच होतं. तुम्ही इंटरनेटवरून दोनशे शब्दांची यादी घ्याल आणि आजीला विचाराल, ‘पाण्याला काय म्हणता? आगीला काय म्हणता?’ आजी सांगेल, ईर, किस. मग विचाराल, ‘दोनला काय म्हणता?’ ती सांगेल इंदिंग, किंवा तुमच्याकडच्या बोलीत जे असेल ते. तुम्ही यादीत लिहाल आणि पुढं जाल. पण एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने कोलामीचं वर्णन १९५५ मध्ये छापलं, मुख्यतः वर्ध्याकडच्या बोलीवरून. त्यात दिसतं की दोन वस्तू असतील तर इंदिंग, दोन पुरुष असतील तर इद्दर आणि दोन बायका असतील तर ईरल. तीनचंही तसंच. यादी एकच रकाना विचारते, म्हणून उत्तरही एकच मिळतं, आणि भाषेतली इतकी देखणी गोष्ट निसटून जाते. क्रियापदांत पुन्हा वेगळी वाटणी आहे. एकीकडे पुरुष, दुसरीकडे बाई, बैल, झाड, दगड सगळे एकत्र. मराठीच्या तीन लिंगांच्या सवयीने विचारलं तर हे सापडत नाही. कुणी गोष्ट सांगू लागलं, दोन बायका पाण्याला गेल्या, दोघं भाऊ रानात गेले, की आपोआप समोर येतं.

तेव्हा आजीकडून शब्द मागू नका, बोलणं मागा. माझ्याकडे तीन प्रकार हमखास चालतात.

पहिला, हातात काम असताना बोलणं. कोलामांचं बांबूचं काम जुनं आहे. घरात कुणी टोपली, सूप किंवा ताटी विणत असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच म्हणा, ‘काय करता ते मला सांगत सांगत करा, मला शिकायचं आहे.’ व्हिडिओही घ्या. बांबू निवडणं, फोडणं, कामटी सोलणं, घासणं, वाकवणं, गुंफणं, काठ बांधणं, प्रत्येक कृतीला क्रियापद आहे आणि प्रत्येक भागाला नाव. मराठीतही यातले निम्मे शब्द पुण्यातल्या माणसाला येणार नाहीत. अशा एका दुपारी जेवढी क्रियापदं मिळतात तेवढी मला आठवडाभर यादी विचारून मिळालेली नाहीत.

दुसरा, दोघांचं बोलणं. आजीला तिच्या बहिणीजवळ किंवा मैत्रिणीजवळ बसवा आणि तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही समोर असाल तर आजी नकळत तुम्हाला समजेल असं बोलेल, मराठी मिसळेल. बरोबरीची बाई समोर आली की तिची खरी भाषा सुरू होते. थट्टा, टोमणे, हुंकार, ‘मग काय झालं’ असं मध्येच विचारणं, हे सगळं एकट्याच्या मुलाखतीत कधीच येत नाही.

तिसरा, रानातून फेरफटका. झाड, पाखरू, मुळी, नाला, टेकडी, जे दिसेल त्याचं नाव आणि त्याचा उपयोग. आजीला चालवत नसेल तर काका, मामा, कुणीही रानात फिरणारा माणूस चालेल. जिथे नाव सांगितलं तिथं झाडाच्या पानाचा, सालीचा, फळाचा फोटो घ्या. नाहीतर दोन वर्षांनी तुमच्याकडे ‘एक प्रकारचं झाड’ असा अर्थ लिहिलेले साठ शब्द असतील.

गोष्टी आणि गाणीही घ्या, पण ती आठवायला वेळ द्या. आज विचारा, पुढच्या महिन्यात रेकॉर्ड करा. मधल्या दिवसांत आजी स्वतःच आठवत राहते, शेजारणीला विचारते.

आता अर्थाचा भाग. इथेच सगळ्यांचं काम अडतं. एक तासाचं बोलणं ऐकून, शब्द न् शब्द लिहून, त्याचा मराठी अर्थ लावायला यंत्राच्या मदतीशिवाय मला चाळीस ते पन्नास तास लागतात. तुम्हाला सुरुवातीला त्याहून जास्त लागतील. दहा तास रेकॉर्ड केलंत तर सुट्ट्यांची दोन-तीन वर्षं त्यात जातील. म्हणून आधी लिहायला बसू नका. आधी तोंडी अर्थ लावून घ्या. पद्धत अशी: आजीचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावा, एक वाक्य वाजवून थांबवा. आईने तेच वाक्य सावकाश, शब्द सुटे करून पुन्हा म्हणायचं. मग त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. हे दोन्ही दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड होत राहू द्या. मग पुढचं वाक्य. एका तासाच्या रेकॉर्डिंगला असे चार-पाच तास लागतात, पण ते संपले की ते रेकॉर्डिंग सुरक्षित झालं. पुढं कोलामी अजिबात न येणारा माणूसही सावकाश उच्चार आणि मराठी अर्थ ऐकून ते लिहून काढू शकतो. आईला जो शब्द अडेल तो बाजूला टिपून ठेवा आणि त्याच संध्याकाळी आजीला विचारा. अडलेल्या शब्दांची ती वही हीच तुमच्या शब्दकोशाची खरी सुरुवात. आईला न येणारा आणि आजीला येणारा प्रत्येक शब्द एका पिढीत निसटलेला आहे.

याचा आणखी एक परिणाम मी अनेक घरांत पाहिला आहे. तीस वर्षं मुलांशी मराठीतच बोललेली आई महिनाभर हे काम केल्यावर जेवताना सहज कोलामीत काही बोलून जाते. तो परिणाम कुठल्याही ॲपने मला अजून दाखवलेला नाही.

लिहायची वेळ येईल तेव्हा ईलान नावाचं सॉफ्टवेअर घ्या. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेने ते बनवलं आहे आणि ते फुकट आहे. त्यात आवाजाच्या पट्टीखाली ओळी आखता येतात: एक कोलामीची, एक मराठी अर्थाची. कोणतं वाक्य कितव्या सेकंदाला आहे ते कायमचं जोडलेलं राहतं. शब्दकोशासाठी फ्लेक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. तुम्ही सॉफ्टवेअरवाले असल्यामुळे स्वतःचा डेटाबेस बांधायचा मोह होईल. तो आवरा. या दोन्ही साधनांची फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते आणि जगभरातल्या अभिलेखागारांना ती वाचता येते. तुमचा डेटाबेस फक्त तुम्हालाच वाचता येईल.

लिपीबद्दल वाद नेहमी होतो. महाराष्ट्रातले कोलाम देवनागरीत लिहितील, आदिलाबादकडचे तेलुगूत. तुम्ही देवनागरी घ्या, त्यात प्रश्न नाही. पण एक अडचण आधीच ओळखून ठेवा. कोलामीत ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे आहेत, ओ सुद्धा. तेलुगू लिपीत त्यांना स्वतंत्र अक्षरं आहेत, मराठीच्या वर्णमालेत नाहीत. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीची ऱ्हस्व अक्षरं आहेत: ऎ आणि ऒ. म्हणजे घर या अर्थाचा शब्द ऎल्ला असा नेमका लिहिता येतो. मोबाइलच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवर ही अक्षरं मिळत नाहीत. कीमन नावाच्या मोफत साधनाने तुम्ही स्वतःचा कीबोर्ड बनवू शकता, तुमच्यासारख्याला ते दोन-तीन संध्याकाळचं काम आहे. माझं मत असं की शब्दकोशात आणि ईलानमध्ये ही खूण काटेकोर ठेवावी. पोडावरच्या माणसाने व्हॉट्सॲपवर साधं ए लिहिलं तर त्याला दुरुस्त करू नये. पहिल्यांदा आपल्या भाषेत लिहिणाऱ्याला शुद्धलेखन शिकवायला गेलं की तो लिहिणंच सोडतो. आणि काहीही झालं तरी युनिकोडबाहेरच्या जुन्या फॉन्टात टाइप करू नका. अशा फॉन्टात टाइप केलेले अकराशे शब्द मी एकदा संगणक बदलल्यावर गमावले. उघडल्यावर नुसती चिन्हं दिसत होती, आणि छापील प्रतीवरून सगळं पुन्हा टाइप करायला पावसाळा गेला.

फाइलची नावं रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्या: भाषेचा कोड, तारीख, बोलणाऱ्याचा क्रमांक, सत्राचा क्रमांक. आंतरराष्ट्रीय यादीत तुमच्या कोलामीचा, म्हणजे वायव्य कोलामीचा, तीन अक्षरी कोड के-एफ-बी असा आहे. आग्नेय कोलामी वेगळी धरली जाते, तिचा कोड एन-आय-टी. आदिलाबादकडून काही साहित्य मिळालं तर ती कोणती बोली ते तपासून घ्या. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तोंडानेच बोला: आज कोणती तारीख, कुठलं पोड, कोण बोलतंय, वय किती, माहेर कुठलं, विषय काय. वही हरवते, आवाजात बोललेलं त्या फाइलबरोबरच राहतं. बाईच्या बाबतीत माहेर विचारायला विसरू नका. तिची भाषा बऱ्याचदा माहेरची असते, आणि पोडागणिक शब्द बदलतात.

प्रती तीन ठेवा: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. एका संस्थेकडे विश्वासाने दिलेली माझी सहा वर्षांची रेकॉर्डिंग त्यांची एकुलती डिस्क बंद पडल्यावर गेली. माझ्याकडे प्रत होती म्हणून वाचले. दुसऱ्या दोघांकडे नव्हती. त्याशिवाय शेवटी काम एखाद्या अभिलेखागारात गेलं पाहिजे, कारण तुमची नोकरी बदलेल, खातं बंद होईल. संकटग्रस्त भाषांचं मोठं अभिलेखागार पूर्वी लंडनला होतं, २०२१ पासून बर्लिनला आहे, आणि तिथं कुणाला काय ऐकता यावं हे ठरवता येतं. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, ते पाहून घ्या. आवाज, लेखन आणि गावाची माहिती एकत्र कशी मांडावी याचा चांगला नमुना घरबसल्या मिळेल.

परवानगीबद्दल एक गोष्ट घरच्या माणसांकडून नेहमी राहते: ‘आजीच तर आहे, तिला काय विचारायचं.’ विचारायचं. आणि कागदावर अंगठा घेऊन नाही, तिच्या भाषेत, तिच्याच आवाजात. तीन प्रश्न पुरतात. हे घरातल्यांनी ऐकलं तर चालेल? पोडावरच्या सगळ्यांनी ऐकलं तर चालेल? जगात कुणीही ऐकलं तर चालेल? प्रत्येक रेकॉर्डिंगला उत्तर वेगळं असू शकतं. देवकार्यातली काही गाणी बाहेर द्यायची नसतात, आणि हे आजी एकटी ठरवू शकत नाही. पोडाच्या नाईकाला, म्हणजे प्रमुखाला, आणि जाणत्यांना विचारावं लागतं. विकिमीडियाचं लिंग्वा लिब्र नावाचं साधन शब्द पटापट रेकॉर्ड करायला फार छान आहे, मी ते वापरते. पण तिथे गेलेला आवाज मुक्त परवान्यावर कायमचा जातो, तो परत घेता येत नाही. म्हणून तिथे फक्त तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलेलंच टाका. घराबाहेरच्या ज्येष्ठ माणसाचा दिवस घेतलात तर त्या दिवसाची मजुरी द्या. ते उपकार नाहीत, तो कामाचा मोबदला आहे.

आता एआय. मेटा कंपनीने २०२३ मध्ये अकराशेहून जास्त भाषांतलं बोलणं ओळखणारी प्रणाली जाहीर केली. त्या भाषांसाठीचा आवाज आणि मजकूर प्रामुख्याने कुठून आला? बायबलच्या नव्या कराराच्या वाचनातून, दर भाषेमागे सरासरी सुमारे ३२ तास. उधळ्या मुलाची गोष्टही नव्या करारातलीच. तबकड्यांनंतर शंभर वर्षांनी यंत्राने पुन्हा त्याच पुस्तकावरून भाषा शिकल्या, कारण लहान भाषांत तेवढाच मजकूर आवाजासकट एका जागी मिळत होता. यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण बांबू सोलताना चाललेलं बोलणं आणि दोन बहिणींची थट्टा त्या यंत्राला कशी ओळखू येणार? आजीचं रेकॉर्डिंग हिंदी-मराठीच्या यंत्राला दिलंत तर ते न सांगता चुकेल. कोलामी शब्दाच्या जागी जवळचा आवाज असलेला मराठी शब्द बसवेल, आणि वाचणाऱ्याला ते बरोबरच वाटेल. अशा मजकुरावरून शब्दकोश झाला तर तो भाषेला इजा करेल. म्हणून पुढची काही वर्षं कोलामी भाषांतराचं यंत्र डोक्यातून काढा.

एका ठिकाणी मात्र एआयचा मला खूप उपयोग होतो, आणि तुम्हाला तो सहज जमेल. वर सांगितलेल्या पद्धतीत आई मराठीत अर्थ सांगते. ते मराठी बोलणं आजची यंत्रं बऱ्यापैकी लिहून देतात, यवतमाळी उच्चार असला तरी थोड्या दुरुस्तीने काम भागतं. म्हणजे अर्थाची ओळ यंत्राकडून, कोलामीची ओळ माणसाकडून. माझे पन्नास तासांचे तीसच्या आसपास आले ते यामुळे. शांततेचे तुकडे ओळखून वाक्यं वेगळी करणंही यंत्र चांगलं करतं. आणि तुम्ही आज जे स्वच्छ, अर्थासकट, परवानगीसकट साठवाल, त्यावरच उद्या कोलामीचं खरं यंत्र उभं राहील. ते कुणी उभं करायचं, कुणाला वापरू द्यायचं, हे कोलाम समाजाने ठरवावं. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या ‘ते हिकू’ या माध्यमसंस्थेने आपल्या भाषेचा आवाज स्वतःच्या परवान्याखाली ठेवला आणि त्यावरची यंत्रंही स्वतःच बनवली. तो रस्ता अभ्यासण्यासारखा आहे.

मग ॲपचं काय? करा, पण पोडावर काय चालतं ते पाहून करा. नेटवर्क येतं-जातं. शब्दकोशाचं ॲप बहुतेक वेळा शहरातला माणूस कौतुकाने उघडतो आणि पुन्हा उघडत नाही. पोडावर जे फिरतं ते मेमरी कार्डातून आणि ब्लूटूथने: गाणं, गोष्ट, विनोद, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, खाली कोलामीत ओळी. मी एका आजोबांच्या कोल्ह्याच्या गोष्टीला मुलांनी काढलेली चित्रं लावून असा व्हिडिओ केला होता. चार महिन्यांनी पंचवीस किलोमीटरवरच्या एका पोडावर तो मला एका पोराने स्वतःच्या मोबाइलवर दाखवला. तो कुणी बनवला ते त्याला माहीत नव्हतं, गोष्ट मात्र पाठ होती, कोलामीत. तुमच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी असे पाच व्हिडिओ झाले तर मी ते पाचशे शब्दांच्या ॲपपेक्षा मोठं काम समजेन. शब्दकोश मागून येईलच, तेव्हा प्रत्येक शब्दाला आजीच्या एखाद्या खऱ्या वाक्याचा आवाज जोडा.

आणि तुमचं स्वतःचं बोलणं. तुम्हाला कळतं पण बोलता येत नाही, ही अवस्था तुम्हाला वाटते तेवढी पक्की नसते. ऐकून समजणाऱ्या माणसाच्या डोक्यात व्याकरण बरंचसं बसलेलं असतं, जीभ तेवढी लाजते. आजीला सांगा की रेकॉर्डिंगच्या दिवशी मला फक्त कोलामीतच उत्तर द्यायचं आहे, चुकलो तर हसा पण मराठीत येऊ नका. पहिले दोन-तीन महिने अवघड जातात.

फेब्रुवारीत जाल तेव्हा पहिल्या दिवशी माइक काढूच नका. आजीला विचारा, तिच्या लहानपणी घर कुठं होतं, पोड तिथून कधी हललं, कोण कोण सोबत आलं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारा, आता माइक लावून, आईला शेजारी बसवून. आदल्या दिवशी सांगितलेलं ती पुन्हा सांगताना जास्त नीट सांगेल. अर्धा तास पुरे. मग जेवा, आणि दुपारी तोच अर्धा तास वाक्यावाक्याने आईकडून म्हणवून घ्या. अडलेल्या शब्दांची वही भरली की इथे कळवा, त्यातले कोणते शब्द आधी आजीकडून नीट विचारून घ्यावेत ते आपण मिळून पाहू.